झोना कापलेली भ्रूणं कोटिंग करूनही मरतायत? एकदा हे तपासून बघा

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदाच सगळं लिहून टाकतो. मायक्रोमॅनिप्युलेशन झालेली भ्रूणं, म्हणजे झोनाला (भ्रूणाभोवतीच्या पारदर्शक कवचाला) चीर दिलेली, ब्लास्टोमेअर (सुरुवातीच्या भ्रूणातली एकेक पेशी) काढून घेतलेली, दोन भाग केलेली, न्यूक्लियर ट्रान्सफरची (क्लोनिंगसाठी दुसऱ्या पेशीचं केंद्रक घातलेली) किंवा झोना पूर्णच उतरवलेली, ही डिशमध्ये पहिल्या दिवशी छान दिसतात आणि मग एकतर सुटी सुटी होतात, नाहीतर एकमेकांना चिकटून बसतात, नाहीतर ट्रान्सफरनंतर, म्हणजे मादीच्या शरीरात ठेवल्यावर, त्यांचा पत्ताच लागत नाही. मग कुणीतरी सांगतं अल्जिनेटचा कोट दे, कुणी म्हणतं अगारमध्ये बसव (दोन्ही जेल, झोनाच्या जागी आवरण म्हणून), आणि थोड्या दिवसांनी नवी तक्रार येते की कोट दिल्यावर तर आधीपेक्षा जास्त मेली.

आधीच सांगतो, हे सगळं उंदीर, मेंढी, गाय, म्हैस यांच्याबद्दल आहे. आयव्हीएफ क्लिनिकवाल्यांनी यातलं काहीही उचलून पेशंटच्या भ्रूणांवर करायचं नाही. आणि ट्रान्सफरच्या मीडियात (भ्रूण ज्या पोषक द्रावणात ठेवतात त्यात) हायल्युरोनान घालून 'ग्लू' म्हणून जे विकतात ते कोटिंग नाही, तो मीडियाच आहे, त्याचा इथे काही संबंध नाही, तरी दर वेळी कुणीतरी विचारतंच.

आता मुद्द्याचं. कोट द्यायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, की तो कोट भ्रूणाला नक्की कशापासून वाचवणार आहे? याचं उत्तर नसेल तर कोट देऊ नका. बहुतेक केसेसमध्ये आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच प्रकार असतो, त्रास डिशमधल्या चिकटण्याचा असतो आणि उपाय बीजवाहिनीतल्या पेशींपासून वाचवायचा चाललेला असतो.

झोना नेमकं करतो काय ते बघा. कॉम्पॅक्शनच्या, म्हणजे पेशी आवळून एकमेकींना चिकटण्याच्या, आधी ब्लास्टोमेअर एकमेकांना घट्ट धरून नसतात, झोनाच त्यांना एकत्र ठेवतो. उंदरात कॉम्पॅक्शन आठ पेशींच्या आसपास होतं, गायीत बरंच उशिरा, सोळा ते बत्तीस पेशींच्या दरम्यान. म्हणजे दोन-चार पेशींच्या भ्रूणाचा झोना फाटला तर पेशी बाहेर पडून इकडेतिकडे जातात. दुसरं काम बीजवाहिनीतलं, झोना नसलेलं कोवळं भ्रूण तिथल्या अस्तराला चिकटतं आणि पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. तिसरं काम म्हणजे एका भ्रूणाला दुसऱ्यापासून लांब ठेवणं. उंदराची झोना नसलेली दोन आठ-पेशी भ्रूणं एकमेकांना लागली की मिसळून एक होतात, कायमेरा (दोन भ्रूणांच्या पेशींपासून बनलेला एकच प्राणी) बनवायची पद्धत तीच तर आहे, तारकोव्स्कींनी १९६१ मध्ये पोलंडमधून दाखवलेली. तुम्हाला कायमेरा नको असेल आणि प्रत्येक भ्रूणाचं जीनोटायपिंग (जनुकांची तपासणी) वेगळं करायचं असेल तर तुमची पुढची सगळी मेहनत पाण्यात.

कॉम्पॅक्शन झाल्यावर पहिलं काम संपलं. भ्रूण गर्भाशयाच्या स्टेजला पोचलं की दुसरं कामही जवळपास संपलं. गायीच्या मोरुलाचे (कॉम्पॅक्ट झालेला पेशींचा गोळा) किंवा ब्लास्टोसिस्टचे (त्याच्या पुढची, आत पोकळी झालेली अवस्था) ब्लेडने दोन भाग करून झोनाशिवायच गर्भाशयात ठेवतात, ही पद्धत जुनी आहे आणि त्यातून वासरं होतात. म्हणजे सहाव्या-सातव्या दिवसाच्या गायीच्या भ्रूणाला कोट द्यायला बसला असाल तर हात आवरा.

मग हा कोट आला कुठून? स्टीन विलाडसेन नावाचे डॅनिश संशोधक केंब्रिजला होते, त्यांनी १९७९ मध्ये नेचरमध्ये मेंढीच्या भ्रूणांवरचं काम छापलं. दोन पेशींचं भ्रूण घ्यायचं, दोन्ही ब्लास्टोमेअर वेगळे करायचे, प्रत्येक ब्लास्टोमेअर रिकाम्या केलेल्या झोनात ठेवायचा आणि दोन्हींपासून हुबेहूब जुळी कोकरं मिळवायची. अडचण अशी की त्या काळी मेंढीचं भ्रूण डिशमध्ये ब्लास्टोसिस्टपर्यंत नीट वाढवता यायचं नाही. त्याला काही दिवस एखाद्या मेंढीच्या बांधलेल्या बीजवाहिनीत ठेवावं लागायचं, म्हणजे तात्पुरती दाई. पण झोनाला तर चीर गेलेली, त्यामुळे बीजवाहिनीत ते टिकायचं नाही. म्हणून त्यांनी ते अगारमध्ये बसवलं, आधी एक टक्क्याच्या अगारमध्ये, मग तो तुकडा परत जरा घट्ट, १.२ टक्क्याच्या अगारमध्ये. दोन थर का, तर पहिल्या थरात भ्रूण बऱ्याचदा कडेला जाऊन बसतं आणि ती कड उघडी राहिली की सगळ्यावर पाणी. दाई मेंढीतून काही दिवसांनी तुकडे परत काढायचे, बारीक सुयांनी अगार सोडवायचा, आणि चांगली वाढलेली भ्रूणं शेवटपर्यंत गर्भ वाढवणाऱ्या दुसऱ्या मेंढीत ठेवायची.

डॉली ही क्लोन मेंढीसुद्धा याच वाटेने आली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्कॉटलंडमधल्या रॉझलिन संस्थेत सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेच्या पेशी केंद्रक काढलेल्या अंड्यांशी जोडून २७७ जोड्या फ्यूज झाल्या, त्या अगारमध्ये बसवून मेंढ्यांच्या बांधलेल्या बीजवाहिन्यांत ठेवल्या, २४७ परत मिळाल्या, त्यातल्या २९ मोरुला-ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचल्या, त्या १३ मेंढ्यांत ठेवल्या आणि ५ जुलै १९९६ ला एक कोकरू जन्मलं. २७७ हा आकडा सगळे सांगतात, मधला अगारचा तुकडा कुणी सांगत नाही.

आणि मग अगार मागे का पडला? वाईट होता म्हणून नाही. डिशमधले मीडिया सुधारले, दाई मेंढीची गरजच उरली नाही, त्यामुळे दाईपासून वाचवायची गरजही गेली. कर्नालच्या एनडीआरआयने (राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने) २००९ मध्ये गरिमा म्हैस जन्माला घातली ती हॅण्ड-गायडेड, म्हणजे हाताने केलेल्या, क्लोनिंगची, त्यात झोना मुळातच उतरवून टाकतात, भ्रूण डिशमध्येच ब्लास्टोसिस्टपर्यंत वाढवतात आणि मग गर्भाशयात ठेवतात, कोट नाही की काही नाही. म्हणून सरळ हिशोब असा, की तुमचं कोवळं भ्रूण कॉम्पॅक्शनच्या आधीच बीजवाहिनीत जाणार असेल तर कोटला अर्थ आहे. डिशमध्येच राहणार असेल तर त्याला कोट नको, स्वतंत्र खड्डा हवा.

डिशमध्ये चिकटतायत किंवा सुटी होतायत

खड्डा म्हणजे काय, तर डिशमधल्या वेलच्या (वाटीसारख्या खोलगट जागेच्या) तळाशी अजून छोटं वेल, वायता यांची २००० सालची वेल-ऑफ-द-वेल पद्धत. चारशे रुपयांचं काम आहे असं नाही पण फार महागही नाही, तयार डिश मिळतात, नाहीतर डार्निंग नीडलने (रफूच्या सुईने) प्लास्टिकच्या तळाला दाबून खड्डे पाडतात, कायमेरा करणारे वर्षानुवर्षं हेच करतायत. खड्ड्याचा तळ गुळगुळीत असला पाहिजे, सुई फिरवताना प्लास्टिकचा भुगा उडतो तो धुऊन काढा, नाहीतर भ्रूण त्या भुग्यालाच चिकटतं. दोन-चार पेशींचं झोना नसलेलं भ्रूण अशा खड्ड्यात ठेवलं की पेशी एकमेकींजवळ राहतात आणि वेळ आली की आपापल्या कॉम्पॅक्ट होतात.

हाताळताना तळाला चिकटत असतील तर हाताळायच्या डिशला एक टक्का अगारोजचा (शुद्ध केलेल्या अगारचा) पातळ थर द्या. तळाला थर द्यायचा आणि भ्रूणाला थर द्यायचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक गल्लत करतात. चिकटू नये म्हणून मीडियात अल्ब्युमिन किंवा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) असू द्या, पिपेट आधी त्याच मीडियाने आतून ओली करून घ्या, कोरड्या काचेला उघडी पेशी लागली की गेली. आणि एका थेंबात दोन भ्रूणं ठेवून चहाला जाऊ नका.

आणि जर बीजवाहिनीतच ठेवायचंय, किंवा कोट हाच तुमच्या प्रयोगाचा विषय आहे, तर पुढचं वाचा.

अल्जिनेट: भ्रूण आक्रसून काळं पडतंय

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आणि याचं कारण बहुतेक वेळा केमिस्ट्री कमी आणि वजनकाट्यावरचं जास्त असतं. सोडियम अल्जिनेट हे समुद्री शेवाळातून काढलेलं, त्याला कॅल्शियम मिळालं की जेल होतं, म्हणून भ्रूण अल्जिनेटमध्ये घेऊन कॅल्शियम क्लोराईडमध्ये सोडायचं. उंदीरवर्गातल्या भ्रूणांना असं गुंडाळून त्यापासून जिवंत पिल्लं झाल्याचं १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे, म्हणजे पद्धत चालते. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं "१.५ टक्के कॅल्शियम क्लोराईड". आता कुठलं? डायहायड्रेटचा (रेणूत पाणी धरून असलेल्या प्रकाराचा) रेणुभार १४७, कोरड्याचा १११. डायहायड्रेट १.५ टक्के म्हणजे साधारण १०० मिलीमोलर, आणि कॅल्शियम क्लोराईड पाण्यात तीन आयन देतं म्हणून हे साधारण ३०० मिलीऑस्मोलच्या (द्रावण पेशीला किती 'खारं' पडतं याचं माप) जवळ जातं, म्हणजे भ्रूणाला चालेल असं. तेच १.५ टक्के कोरड्या पावडरचं केलंत तर १३५ मिलीमोलर, म्हणजे ४०० च्या आसपास. आणि कुणी शहाणपणा करून ते सलाइनमध्ये विरघळवलं, कारण "पाण्यात कसं भ्रूण टाकणार", तर सलाइनचे २९०-३०० वर चढले आणि एकूण सहाशेच्या घरात गेलं. त्यात उघड्या पेशी टाकल्यावर त्या आक्रसणार नाहीत तर काय होईल? १०० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराईड साध्या शुद्ध पाण्यातच करायचं, ते स्वतःच पुरेसं खारं आहे.

उलटी चूक अल्जिनेटच्या बाजूला होते. अल्जिनेट नुसत्या पाण्यात केलंत तर ते भ्रूणाला फार पातळ पडतं, पेशी फुगतात. ते ०.९ टक्के सलाइनमध्ये करा. म्हणजे अल्जिनेट सलाइनमध्ये, कॅल्शियम पाण्यात, उलटं झालं की घोळ.

आणि मुंबई-कोकणातल्या लॅबवाल्यांनी एक लक्षात ठेवा, कोरडं कॅल्शियम क्लोराईड हवेतलं पाणी ओढतं. जुलैमध्ये ज्या बाटलीचं झाकण नीट लागत नाही तिच्यातली पावडर खाली ओली खडी झालेली असते, तिचं तुम्ही काट्यावर जे वजन करता त्यात पाणी किती आणि मीठ किती हे देव जाणे. ऑस्मोमीटर (हे मिलीऑस्मोल मोजायचं यंत्र) असेल तर प्रत्येक नव्या बॅचला लावून बघा, २७० ते ३०० च्या दरम्यान आलं तर पुढे जा. नसेल तर शेजारच्या क्लिनिकल लॅबला विनंती करा, पाच मिनिटांचं काम आहे. याशिवाय हे द्रावण बफरशिवाय असतं आणि त्याचा पीएच खाली असू शकतो, त्यात १० मिलीमोलर हेपीस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) घालून ७.४ ला आणा (हेपीस धरून ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तो मिलीऑस्मोलचा आकडा, परत बघा). फॉस्फेट बफर चुकूनही घालू नका, लगेच पांढरा साका बसतो.

वेळ पण बघा. छोट्या बीडला (अल्जिनेटच्या मण्याला) जेल व्हायला अर्धा-एक मिनिट पुरतं. "अजून घट्ट होऊ दे" म्हणून दहा मिनिटं ठेवायचं नाही, इतक्या कॅल्शियममध्ये उघड्या पेशी ठेवणं बरं नाही. लगेच हेपीसवाल्या मीडियात तीन-चार वेळा धुवा.

अल्जिनेटमध्ये आधीच गुठळ्या आणि दोरे

भ्रूण अल्जिनेटच्या थेंबात टाकल्याबरोबर त्याच्याभोवती चिकट दोरा तयार होतो, मग ते पिपेटमध्ये नीट येत नाही आणि बीडमध्ये वेडंवाकडं बसतं. कारण सरळ आहे, भ्रूणासोबत तुम्ही मीडिया आणलात आणि मीडियात दीड-पावणेदोन मिलीमोलर कॅल्शियम असतंच. उपाय म्हणून कॅल्शियम नसलेल्या सलाइनमध्ये आधी धुवायचं. पण इथे एक मेख आहे. आठ पेशींचं कॉम्पॅक्ट झालेलं भ्रूण कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ठेवलं की ते परत सुटं होतं, पेशींना धरून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं. झोना असेल तर ठीक, झोना नसेल तर डोळ्यादेखत पेशी गोल गोल होऊन एकमेकींपासून सरकायला लागतात. म्हणून हे धुणं म्हणजे दोन थेंबांतून पटकन फिरवणं, त्यात सोडून फोन घ्यायचा नाही. ज्या पिपेटने उचलताय तिच्यात मीडिया कमीत कमी येऊ द्या, तेवढ्यानेच अर्धी गुठळी कमी होते.

अल्जिनेट ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केलंत का तेही बघा. उष्णतेने त्याच्या साखळ्या तुटतात, ते पाण्यासारखं पातळ होतं आणि मग बीड लिबलिबीत, शेपटीवाला होतो. फिल्टर करा, घट्ट द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जात नाही म्हणून आधी ०.४५ मधून काढा किंवा पातळ करून गाळा. खाद्यपदार्थांच्या ग्रेडचं अल्जिनेट वापरू नका, त्यात एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि इतर कचरा असतो, भ्रूणाला तो सोसत नाही.

बीड मोठा, पिपेटमध्ये जातच नाही

सिरिंजच्या बारीक सुईतून थेंब टाकला तरी बीड दीड-दोन मिलिमीटरचा होतो, मोहरीच्या दाण्याएवढा म्हणा ना. उंदराच्या बीजवाहिनीत जी काचेची पिपेट घालतो तिचं आतलं तोंड १५०-२०० मायक्रॉनचं असतं, त्यातून हा जाणार कसा? उंदराचं भ्रूण झोनासकट शंभर मायक्रॉनच्या आसपास, गायीचं दीडशेच्या. म्हणून थेंब पाडायच्या फंदात न पडता ओढलेल्या काचेच्या पिपेटमध्ये थोडं अल्जिनेट, मग भ्रूण, मग परत थोडं अल्जिनेट असं घ्या आणि पिपेटचं टोक कॅल्शियमच्या द्रावणात बुडवून हळू बाहेर ढकला. बारीक दांडी बाहेर येते, आत भ्रूण. मग सुईने दोन्हीकडून कापा. कापताना भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढं तरी जेल शिल्लक ठेवा. विलाडसेनच्या अगारच्या तुकड्याचा आकारही असाच दांडीसारखा होता, उगाच नाही.

भ्रूण दांडीच्या कडेला गेलं असेल, म्हणजे एका बाजूने उघडंच दिसत असेल, तर तो तुकडा फेकू नका, त्याला दुसरा थर द्या.

बीड दोन दिवसांत विरघळतोय

मीडियात सोडियम कॅल्शियमच्या सत्तर-ऐंशी पट असतं, ते हळूहळू जेलमधल्या कॅल्शियमची जागा घेतं, बीड फुगतो, मऊ होतो. हे थोडंफार होणारच. पण एका दिवसात वितळत असेल तर तुम्ही कुठेतरी पीबीएस (फॉस्फेट घातलेलं सलाइन) वापरताय. पीबीएसमधला फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतो. फ्लशिंग, धुणं, ट्रान्सफरची पिपेट भरणं, या कुठल्या तरी पायरीला पीबीएस लपलेला असतो, प्रत्येक पायरी तपासा. लोक केएसओएम या मीडियातल्या ईडीटीएला (कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाला) दोष देतात, पण ते ०.०१ मिलीमोलर असतं आणि कॅल्शियम १.७ च्या घरात, तेवढ्याने बीड विरघळत नाही.

जास्त टिकावं म्हणून बेरियम वापरा असा सल्ला कुणी दिला तर कान बंद करा, बेरियम विषारी आहे. पॉली-एल-लायसीनचा बाहेरून थर देण्याची पद्धत स्वादुपिंडाच्या पेशींच्या कॅप्सूलसाठी १९८० मध्ये लिम आणि सन यांनी दाखवली, ती तिथे ठीक. पण पॉली-लायसीन धन प्रभाराचं असतं, उघड्या पेशीच्या आवरणाला चिकटून तिला फाडतं, आणि तुमच्या भ्रूणाची एक बाजू जेलबाहेर डोकावत असेल तर नेमकी तीच बाजू आधी मरेल. माझं मत विचाराल तर भ्रूणांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा जी-ब्लॉक (साखळीतले कॅल्शियम घट्ट धरणारे भाग) जास्त असलेलं अल्जिनेट घ्या, ते सोडियममध्ये जास्त टिकतं, फक्त जरा ठिसूळ असतं, कापताना तुकडे उडतात.

अगार: आधीच गोठतंय, नाहीतर भ्रूण शिजतंय

साधा अगार वितळायला ८५ अंशांच्या वर न्यावा लागतो आणि गोठतो साधारण ३४-३८ ला. तुमचं भ्रूण ३८-३९ ला खूश, ४१-४२ ला त्रासात. म्हणजे काम करायला मिळते जेमतेम दोन-तीन अंशांची खिडकी, आणि तुमच्या हीटेड स्टेजवर (सूक्ष्मदर्शकाच्या गरम मंचावर) ३७ दिसत असलं तरी उघड्या थेंबाचं तापमान त्याच्याखाली असतं, बाष्पीभवनाने. म्हणून अगार पिपेटमध्येच गोठतो. थेंबात बारीक थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घालून एकदा खरं तापमान बघा, स्टेजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. थेंबावर तेल घाला, बाष्पीभवनही थांबतं आणि ऑस्मोलॅलिटीही चढत नाही.

लो-मेल्टिंग अगारोज घेतलं की ही कटकट संपते, ते ३७ ला आरामात द्रव राहतं आणि २६-३० ला गोठतं. पण मग दुसरी कटकट. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात एसी गेला की खोलीचं तापमानच तिसाच्या वर, अगारोज गोठायलाच तयार नाही, आणि तुम्ही भ्रूण हातात घेऊन वाट बघताय. अशा वेळी थंड केलेली धातूची प्लेट ठेवा, तुकडा त्यावर काही सेकंद टेकवा. बर्फावर सरळ ठेवू नका, डुकराच्या भ्रूणांना तर थंडी अजिबात सोसत नाही.

अगार मीडियात घालून मायक्रोवेव्ह करणारे खूप आहेत. बायकार्बोनेटच्या मीडियातून उकळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर जातो, फिनॉल रेड (पीएच दाखवणारा रंग) असेल तर रंग जांभळट-गुलाबी झालेला दिसतो, त्यात भ्रूण घालू नका. दुप्पट घट्ट अगार सलाइनमध्ये वितळवा, थोडा थंड होऊ द्या, मग ३७ अंशांचा हेपीसवाला मीडिया तेवढाच मिसळा. आणि एकच बाटली परत परत वितळवायची सवय सोडा, दर वेळी पाणी उडतं, एक टक्क्याचं कधी दीड टक्क्यापर्यंत गेलं कळत नाही, मग "या वेळी अगार कडक का झाला" म्हणून बॅच नंबरला शिव्या. छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा, एकदा वितळवलेली ट्यूब दुसऱ्यांदा वापरायची नाही.

कोटमध्ये मोरुलापर्यंत जातात, पुढे अडकतात

हा दोष नाही, हे व्हायचंच. ब्लास्टोसिस्टला फुगायला जागा लागते, एक टक्क्याचं जेल ती देत नाही, पोकळी भरते आणि दबते, भरते आणि दबते. हॅचिंगचा (कवच फोडून बाहेर येण्याचा) तर प्रश्नच नाही. झोना हा ताणला जातो, पातळ होतो, अगारचा तुकडा तसा ताणला जात नाही. म्हणून कोट ही तात्पुरती गोष्ट आहे, मोरुला किंवा अगदी सुरुवातीच्या ब्लास्टोसिस्टला तो काढायचाच, रोपण होण्याच्या आधी.

काढताना अगार असेल तर दोन बारीक सुया, एकीने तुकडा धरायचा, दुसरीने भ्रूणापासून लांबच्या कडेपासून फोडत यायचं. घाईत भ्रूणाच्या बाजूने सुरुवात केली की सुई आत. अल्जिनेट असेल तर ५० मिलीमोलरच्या आसपास सोडियम सायट्रेट, जे सलाइनने मीडियाइतक्या ऑस्मोलॅलिटीला आणलंय, त्यात दोन-तीन मिनिटं. सायट्रेट कॅल्शियम खेचतं, म्हणजे परत तीच मेख, पेशींमधलंही कॅल्शियम जातं आणि झोना नसलेला मोरुला सैल होतो. लगेच कॅल्शियमवाल्या मीडियात टाका, बहुतेक वेळा तासाभरात परत आवळून येतो. अल्जिनेट लायेज एन्झाइम मिळत असेल तर ते जास्त सौम्य पडतं, कारण ते कॅल्शियमला हात न लावता साखळीच तोडतं, फक्त धुताना कंजूषी करू नका.

कोटचा दोष की मॅनिप्युलेशनचा?

हे कळल्याशिवाय वरचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे आहे. एकाच दिवशी, एकाच बॅचच्या भ्रूणांचे गट पाडा. अखंड झोनाची बिनकोटाची, अखंड झोनाची कोट दिलेली, कापलेली बिनकोटाची, कापलेली कोट दिलेली. आणि पाचवा गट, जो कुणी करत नाही, तो म्हणजे अखंड भ्रूणं सगळ्या द्रावणांतून तेवढाच वेळ फिरवायची पण जेल होऊ द्यायचं नाही. अल्जिनेटच्या बाबतीत म्हणजे कॅल्शियम नसलेलं धुणं, मग मीडिया, मग नुसतं कॅल्शियम क्लोराईड, मग सायट्रेट, अल्जिनेट वगळून. हा पाचवा गट मेला तर जेल निर्दोष आहे, तुमची द्रावणं वाईट आहेत. अखंड आणि कोट दिलेली मोरुलाला पोचली आणि कापलेली-कोट दिलेली नाही पोचली, तर कोटला हात लावू नका, ब्लेड, पिपेटचं तोंड आणि हाताचा वेग बघा. कापलेली-बिनकोटाची डिशमध्ये कोटवाल्यांइतकीच चांगली वाढत असतील तर तुम्हाला कोटची गरजच नाही, खड्डे पाडा आणि मोकळे व्हा.

मला कुणी विचारणार असेल तर नुसतं "कोट दिल्यावर मरतात" असं विचारू नका. प्राणी कुठला, भ्रूण किती पेशींचं, झोना फाटलेला की पूर्ण गेलेला, भ्रूण पुढे बीजवाहिनीत जाणार की डिशमध्येच राहणार, कॅल्शियम क्लोराईड कोरडं की डायहायड्रेट आणि कशात विरघळवलंय, ऑस्मोमीटरचा आकडा किती, जेलमध्ये किती वेळ, आणि पाचव्या गटाचं काय झालं, एवढं लिहून पाठवा.